टवका भरताना

११ जानेवारी

प्रिय भिंगरी,

परवा तू माझ्या बाहेरच्या खोलीत एक काळी लांबोडकी पेटी ठेवलीस आणि जिना उतरता उतरता ओरडलीस, की मावशी, तिला हात लावू नकोस. मी आयुष्यभर नकाशे काढले. धरणांचे काढले, पुलांचे काढले, एका तुरुंगाचासुद्धा काढला. त्या तुरुंगाच्या नकाशालाही हात लावू नका असं मला कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हा तू गल्लीच्या टोकाला पोचायच्या आत मी पेटी उघडली होती.

आत तुझी विजेवरची गिटार. मला गिटारमधलं काही कळत नाही, पण सफाई कळते. आणि हिच्या पुढच्या अंगावर, खाली कडेजवळ, अंगठ्याच्या नखाएवढा टवका उडालाय. एवढा देखणा लाल रंग, आणि मधेच उघडं पडलेलं फिकट लाकूड. गुडघा फोडून आलेल्या पोरीसारखी दिसते. तू मला काय सांगितलं होतंस? "अगदी नव्यासारखी आहे." नव्यासारखी हा शब्द ज्याने काढला त्याला मला एकदा भेटायचंय.

वस्तू माझ्या घरी जखमी अवस्थेत आली, हे मी आजच लेखी नोंदवून ठेवते. उद्या कुणी माझ्या केरसुणीवर आळ घेऊ नये.

आणि फोन करू नकोस. फोनवर तू "हो मावशी, हो मावशी" म्हणतेस आणि मागे भांडी घासत असतेस, मला ऐकू येतं. कागदावर उत्तर दे. टवका कसा उडाला, आणि ही बाई माझ्याकडे किती दिवस मुक्कामाला आहे?

तुझी,
मावशी


१९ जानेवारी

प्रिय मावशी,

हात लावू नकोस म्हटलं की तू लावणार, हे मला कळायला हवं होतं. चूक माझी.

टवक्याची गोष्ट फार छोटी आहे. आमच्या बँडचा शेवटचा दिवस होता. ड्रमवाली म्हणाली मी परगावी चालले, गाणारा म्हणाला मग मीही सोडतो, आणि मी रागाने गर्रकन वळले. गळ्यात गिटार आहे हे विसरले. ती कपाटाच्या कडीवर आपटली. बँड मोडला त्याचा आवाज आला नाही, गिटारचा आला.

आता इथे नोकरी लागली, खोली इतकी लहान मिळालीय की गिटार आणली तर ती पलंगावर झोपेल आणि मी खाली. आईकडे ठेवावी तर तिथे दादाची दोन्ही कार्टी तिची होडी करतील. म्हणून तुझ्याकडे. कायमची नाही. ती मी विकलीय.

म्हणजे विकल्यासारखीच. इथले माझे दातांचे डॉक्टर आहेत ना, त्यांना लहानपणापासून विजेवरची गिटार वाजवायची हौस आहे. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा माझ्या तोंडात कापसाचे बोळे होते आणि ओठाला नळी अडकवली होती. त्यामुळे मी नुसती मान हलवली. अशी मान हलवून गिटार विकणारी जगात मी एकटीच असेन.

एकच अडचण आहे. माणूस फार चिकित्सक. म्हणाले, एकदा डाग दिसला की मला दिवसभर तोच दिसत राहतो, धंद्याचा रोग आहे. टवका दिसला तर ते घेणार नाहीत. म्हणून मार्चमध्ये ते तुझ्या बाजूला येतील त्याआधी तू ती कुणा जाणकाराकडे टाक आणि दुरुस्त करून घे. तू स्वतः काही करू नकोस. हे मी लिहून देतेय, म्हणजे तू नक्की करणार.

तुझी,
भिंगरी


२८ जानेवारी

भिंगरे,

जाणकाराकडे जाऊन आले. वाद्यांच्या दुकानात गल्ल्यामागे एक गृहस्थ बसले होते. त्यांनी चष्मा वर करून टवका बघितला आणि सुचवलं की सगळा रंग खरवडून नव्याने फवारा मारावा लागेल. गुडघा खरचटला म्हणून अख्ख्या मुलीची कातडी सोलायची. मी विचारलं, दुसरा उपाय? तर म्हणाले, वर एक कवटीचं चित्र चिकटवा, आजकाल चालतं. मी पेटी मिटली आणि त्यांना म्हटलं, तुमच्याकडे शिल्लक असतील तर एक तुमच्या कपाळाला लावा. परत त्या दुकानात जाता येणार नाही, पण फार बरं वाटलं.

मग घरी येऊन फोनवर एका दाढीवाल्याचा व्हिडिओ पाहिला. दर दुसऱ्या वाक्याला धीर धरा, धीर धरा. हा रंग भरायला शिकवतोय की प्रवचन करतोय कळेना. पण गोष्ट पटली. टवका भरायचा तो थेंबाथेंबाने. आधी खड्ड्यात रंग, पातळ, एक हात देऊन वाळवायचा, मग दुसरा. त्यावर बिनरंगाचं वार्निश, तेही थेंबाने, खड्डा काठोकाठ भरून किंचित वर येईपर्यंत. ते पुरतं कडक झालं की मग घासून सपाट. नखं रंगवायचं पॉलिश चालतं म्हणे, रंगाचंही आणि बिनरंगाचंही.

आता मला सांग, माझ्या आयुष्यात नेलपॉलिशचा काय संबंध? आमच्या शाळेत रोज सकाळी सिस्टर बोटं पुढे करायला लावायच्या. नखावर मेंदीची सावली दिसली तरी पट्टी. देवाने दिलेला रंग पुरेसा आहे, असं त्यांचं मत. मी ते सहासष्टाव्या वर्षापर्यंत पाळलं.

काल मोडलं. सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात गेले आणि सांगितलं, लाल दाखवा. त्या पोरीने लालच्या इतक्या बाटल्या मांडल्या की आमच्या खात्यात जमिनीचे प्रकार दाखवायलाही एवढे रंग नव्हते. बाटलीत एक दिसतो, नखावर दुसराच. मग काय करणार, एकेका नखावर एकेक लावून बघितला. दहा बोटं, दहा लाल. पोरीने विचारलं, आजी, घरी कार्य आहे का? मी म्हटलं, नाही, टवका आहे.

तसेच हात घेऊन बसने घरी आले. कंडक्टरने तिकीट दिलं आणि माझ्या बोटांकडे बघत पुढच्या माणसाचे पैसे घ्यायला विसरला. घरी गिटारच्या अंगावर एकेक बोट टेकवून पाहिलं. डाव्या करंगळीचा लाल इतका तंतोतंत जुळला की करंगळीच दिसेना. मी एकटीच टाळ्या वाजवल्या. नखं अजून पुसलेली नाहीत. पुसायच्या पाण्याची बाटली उघडायला वेळ झाला नाही, एवढंच.

मावशी


५ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तुझं पत्र मी ऑफिसात वाचलं आणि साहेबांनी विचारलं, घरी सगळं ठीक ना? कारण मी टेबलाखाली जाऊन हसत होते.

रंग भरण्याआधी एक कर. गिटारच्या पाठीवर एक झाकण आहे, चार स्क्रूचं. ते उघड आणि आतल्या काठावर, जिथे कुणाला दिसणार नाही तिथे, नेलपॉलिश काढायच्या पाण्याचा एक थेंब टाक. मूळचा रंग सुटला तर तिथेच थांब. ढिम्म राहिला तर बिनधास्त पुढे जा, चुकलं तरी पुसता येईल.

आणि दाढीवाल्याचं ऐक. राग मानू नकोस, पण तुझ्या धीराबद्दल आपल्या घरात कुणाचंच मत चांगलं नाही. कुकरची वाफ जाईपर्यंत तू कधी थांबलेली नाहीस. आई अजून छताकडे बोट दाखवून सांगते, ती बघ तुझ्या मावशीची डाळ.

डॉक्टरांना मी सांगितलं की गिटार पॉलिशला टाकलीय. आज अक्कलदाढ दाखवायला गेले होते. तिला काही झालेलं नाही.

तुझी,
भिंगरी


१९ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

ढिम्म राहिला. तेव्हा पुढे.

डाळीचा विषय तुझ्या आईने काढणं म्हणजे कमाल आहे, त्या छताखाली बसून तिने तीच डाळ दोनदा मागून घेतली होती. पण तुला खरं काय ते कळलेलं बरं. रंगाचे हात मी शहाण्यासारखे दिले. दातकोरण्याच्या टोकाने, एक थर, मग दुसऱ्या दिवशी दुसरा. बिनरंगाच्या वार्निशचीही सुरुवात नीट केली. मग मला वाटलं, हा काय मुंगीच्या पावलांचा कारभार, आणि उरलेला खड्डा एका दमात भरला. मोठा, गोल, सुंदर थेंब. वरून वाळून काचेसारखा झाला. मी फक्त खात्री करायला त्यावर अंगठा ठेवला.

आतून ओला होता. वरची साय फुटली आणि माझा अंगठा असा उमटला की पोलिसांनी फाइलला लावावा. दोन दिवस त्या टेबलाकडे फिरकले नाही. मग ते सगळं मऊ करून दातकोरण्याने उकरून काढलं आणि पहिल्या थेंबापासून सुरू केलं. आता रोज सकाळी एक थेंब. टाकला की पुरा दिवस त्याच्याकडे बघायचं नाही.

आता तूच सांग, न बघता करायचं काय? बाई टेबलावर उताणी पडलेली. मी आपली जाता-येता तारांवरची धूळ झटकते. झटकताना आवाज होतो, त्याला माझा इलाज नाही. एका बाजूला भोक आहे, त्यात काही अडकलंय का बघायला, पेटीबरोबर तू ठेवून गेलीस त्या स्पीकरच्या डब्याची वायर घातली. काही अडकलेलं नव्हतं. डब्याचं बटण मात्र लागून गेलं, आणि मी कोपराने तार झटकली तेव्हा खिडकीच्या काचा बोलल्या. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी वर येऊन विचारलं, काही पडलं का? मी म्हटलं, नाही, उठलंय.

सहज म्हणून विचारते, माहिती असलेली बरी: तीन बोटं तीन वेगवेगळ्या तारांवर ठेवायची असली तर चौथ्या बोटाने काय करायचं? माझं उगाच वर उभं राहतं, वर्गात उत्तर येत असल्यासारखं.

मावशी


२ मार्च

प्रिय मावशी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा गलबलून आलं. तुझा बेत मला कळलाय.

तू मुद्दाम वेळ काढते आहेस. रोज एक थेंब, मग बोटांबद्दल प्रश्न. तुला वाटतं की मी उत्तर देता देता हळहळेन, मला वाजवण्याची आठवण येईल आणि मी गिटार परत मागेन. बँड मोडल्यावर मी दुखावले म्हणून विकतेय, असं तुला वाटत असणार. माझ्यासाठी तू एवढं करते आहेस, हे बघून आईला मी लिहिलंसुद्धा की तुझी बहीण वरून फणस आहे.

पण मावशी, नको करूस. खरं सांगते, मला वाजवण्याचं वेड कधी नव्हतंच. मला ती चौघं आवडायची, तालमीनंतरचा चहा आवडायचा, आपण स्टेजवर आहोत हे आवडायचं. एकटी असताना मी ती पेटी कधी उघडली नाही. मी वाईट वाटून विकत नाहीय, मोकळं वाटतंय म्हणून विकतेय. तुझा जीव माझ्या संगीतात अडकला असेल तर सोडव.

डॉक्टर १७ तारखेला, रविवारी, तुझ्याकडे येतील. टवक्याचं मी त्यांना सांगून टाकलंय; तो दिसला नाही तर गिटार घेऊन जातील. मी शब्द दिलाय, मावशी. तेव्हा तयार ठेव.

(चौथ्या बोटाला सध्या काही काम नाही. उभं राहू दे.)

तुझी,
भिंगरी


८ मार्च

भिंगरे,

फणस तू. तुझ्या संगीताशी मला काय करायचंय?

तुझ्या आईला उलट टपाली कळव की मी असलं काही थोर केलेलं नाही. मला थोर ठरवायचा अधिकार तुला कुणी दिला?

काम झालंय. थेंब कडक होऊन वर टेकाडासारखा आला होता. तो सपाट करायला दाढीवाल्याने ब्लेड घ्यायला सांगितलं, दोन्ही टोकांना चिकटपट्टी गुंडाळून, म्हणजे मधलं पातं फक्त टेकाडाला लागतं, शेजारच्या रंगाला नाही. हे मला त्याने शिकवायची गरज नव्हती. ट्रेसिंग कागदावर शाई सांडली की आम्ही ती ब्लेडने अशी उडवायचो की कागदाला समजायचं नाही. सारा हुद्दा, सारी पेन्शन मी त्या एका हातावर मिळवली. तो हात अजून जागेवर आहे. मग साबणाच्या पाण्यात बुडवून बारीक पॉलिश पेपर, त्याहून बारीक, आणि शेवटी मोटारीला लावतात ते पॉलिश. आता तिथे डोळे मिटून बोट फिरवलं तर बोट घसरत निघून जातं. मलाच शोधावा लागतो.

एक विचारायचं होतं. अजून एक थर राहिलाय असं त्यांना कळवलं तर चालेल का? किंवा दोन.

मावशी


१३ मार्च

मावशी,

नाही चालणार. रविवारी सकाळी येतील. तू बरी आहेस ना?

भिंगरी


१८ मार्च

प्रिय भिंगरी,

तुझे दातवाले येऊन गेले. काय झालं ते माझ्याकडून आधी ऐक, कारण ते तुझ्या तोंडात कापूस भरून सांगतील आणि तुला मधे बोलता येणार नाही.

माणूस चांगला आहे, ते आधीच सांगते. बूट दाराबाहेर जोडून ठेवले, पाणी मागून प्यायला, आणि गिटार बघून लहान मुलासारखा ओठ चावला. मग खिशातून काय काढलं असेल? दातांचा आरसा. तो लांब दांड्याचा, टिकलीएवढा. आणि टॉर्च. टवका कुठे होता ते मला विचारायचं नाही, आपणच शोधायचं, अशी अट त्याने स्वतःलाच घातली आणि टेबलावर ओणवा झाला.

आता माझी अवस्था समजून घे. तुझ्या पत्रात स्पष्ट होतं, टवका दिसला तर ते घेणार नाहीत. म्हणजे मी नुसतं बोट ठेवून "इथे" म्हटलं असतं तर संपलं होतं. तो आरसा त्या जागेवरून गेला. परत आला, परत गेला. त्याने नखाने चाचपलं, वाकून उजेडात तिरपं बघितलं. बरोबर त्याच जागेवर त्याचा श्वास पडत होता. माझं बोट तिथून वीतभर अंतरावर होतं आणि मला ते हलवता येईना. चोवीस वर्षांची असताना धरणाच्या नकाशावर शाई सांडली होती, ती मी उडवली आणि साहेबांनी तीच जागा भिंगाखाली तपासून शेरा दिला, स्वच्छ. तेव्हापासून माझं काम कुणाला मी स्वतः दाखवून दिलेलं नाही. काल कसं दाखवू?

शेवटी तो कंबर धरून सरळ झाला. "हरलो," म्हणाला. "कुठे होता?"

"कुठेच नव्हता," मी म्हटलं. तोंडातून अभिमान बाहेर पडला आणि मागोमाग जीव गेला.

त्याने गिटार उचलली. पेटीत ठेवली. एक कडी लावली, दुसरी लावली. वायर गुंडाळली. डबा काखेत घेतला. नमस्कार करून दारापर्यंत पोचला, एक बूट घातला. आणि मी, जिने आजवर कुणाकडे काही मागितलं नाही, बढतीसुद्धा नाही, मी म्हटलं, "ते खाली ठेवा. ही विकायची नाही."

"का?"

"कारण ती मी वाजवते."

हे वाक्य मी स्वतःही तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. खोटं नव्हतं. पाच आठवडे मी रोज धूळ झटकते आहे, भिंगरे. सकाळचा थेंब टाकला की मी दिवसभर त्याच्याकडे बघत नाही ती याच्यामुळे. पहिल्यांदा टेबलावर उताणीच वाजवली, उभ्याने, इस्त्री करतात तशी. थेंब कडक झाल्यावर गळ्यात घेतली. मला तीन कॉर्ड येतात. तिसरा येतो म्हणजे बोलावला की उशिराने येतो.

त्याने घातलेला बूट काढला. आत आला, खुर्चीवर बसला आणि अगदी दवाखान्यातल्या आवाजात म्हणाला, बघू या.

तीन कॉर्डमध्ये बसणारं मला एकच गाणं माहीत आहे, आमची शाळेची सकाळची प्रार्थना. ती वाजवली. डब्याचं बटण पार शेवटपर्यंत फिरवलेलं होतं, ते माझ्या लक्षात आलं नाही. आलं असतं तरी कमी केलं नसतं. पहिल्याच कॉर्डला कपाटावरचे पेले थरथरले. तुझे डॉक्टर आधी दचकले, मग आदराने उभे राहिले, मग उभे राहून डोलायला लागले, कारण प्रार्थनेला कसं वागायचं आणि या आवाजाला कसं वागायचं यांचा त्यांना मेळ लागेना. दुसऱ्या कडव्याला खालच्या बाई वर आल्या. त्या भांडायला आल्या होत्या. दारातच थांबल्या आणि त्यांचीही टाच हलायला लागली. सिस्टरांना आवडलं असतं का ठाऊक नाही. देवाला ऐकू गेलं असणार.

मग मी त्यांच्या गळ्यात दिली. भिंगरे, तो माणूस तारेला दातासारखा हळुवार हात लावतो. तार काही बोलेना. मी म्हटलं, डॉक्टर, तिला भूल दिलेली नाही, दाबा. दाबल्यावर बोलली. मी पहिला कॉर्ड शिकवला. निघताना स्वतःच्या बोटांची लाल झालेली टोकं ते सारखी बघत होते, आणि पेटी त्यांनी स्वतःच नेऊन जागेवर ठेवली. रागावले असतील तर चेहऱ्यावर दिसलं नाही.

आता तुझं. तू शब्द दिला होतास आणि तो माझ्यामुळे गेला. त्याबद्दल मला वाईट वाटायला हवं, म्हणून मी आज सकाळभर खुर्चीत बसून वाट पाहिली, पण वाटलं नाही. तुझ्यासाठी वगैरे काही नव्हतं. मला ती हवी आहे. म्हातारपणी हे वाक्य लिहिताना हात कापायला हवा. अक्षर बघ, कापलाय का? तरी वस्तू तुझी आहे. तू पाठव म्हणालीस तर मी पाठवीन. दोन्ही कड्या मी स्वतः लावीन. लवकर कळव, कारण उत्तर येईपर्यंत मी तिला हात लावणार नाही असं ठरवलंय आणि ते मला जमत नाहीय.

मावशी


२४ मार्च

प्रिय मावशी,

तू म्हणालीस तसंच झालं. तोंड उघडं, नळी अडकवलेली, आणि डॉक्टर सांगतायत. "उभा राहू की नाचू कळेना हो," असं ते म्हणाले तेव्हा मी इतकी हलले की त्यांनी अवजारं बाजूला ठेवली आणि आम्ही दोघं हसत बसलो. बाहेरच्या पेशंटांना वाटलं असेल, इथे दात काढत नाहीत, गुदगुल्या करतात.

रागावलेले नाहीत. येत्या शनिवारी ते स्वतःसाठी गिटार घ्यायला जाणार आहेत आणि निवडायला मला सोबत चल म्हणालेत. मी जाणार आहे. दात आता सगळे ठणठणीत आहेत, हे तू विचारायच्या आत सांगून टाकते.

आणि मी किती मूर्ख. दोन महिने तुझी पत्रं वाचतेय आणि प्रत्येक ओळीत मला मीच दिसत होते. तुला स्वतःला काही हवं असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आईला तो फणस मी मागे घेतल्याचं कळवलंय. ती म्हणाली, मला वाटलंच होतं, ती लहानपणी माझा झोपाळाही असाच दुरुस्त करायला घेऊन गेली होती.

मावशी, माझ्याकडे असताना गिटारने कधी कुणाचे पेले थरथरवले नाहीत. ती तुझी आहे. कड्या लावू नकोस. आता सविस्तर लिही, रोज काय वाजवतेस, तिसरा कॉर्ड वेळेवर यायला लागला का, खालच्या बाई काय म्हणतात.

तुझी,
भिंगरी


२९ मार्च

भिंगरे,

पत्र मिळालं. सविस्तर उत्तर लिहायला बसले आहे, पण ती मांडीवर आहे आणि कागद ठेवायला दुसरी जागा नाही. तिच्याच वरच्या कडेवर ठेवून लिहितेय. कड गोल आहे, ओळी घसरतायत, माझ्या अक्षराला जन्मात कुणी वाकडं म्हटलेलं नाही ते आता म्हणतील.

तिला खाली ठेवलं तर सरळ लिहिता येईल.

बाकी क्षेम.

मावशी